पूजेला बोलवा, नुसतं प्रसादाला नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की आमच्या नाशकात सत्यनारायणाचे फोन सुरू होतात. तसं पाहिलं तर आता ते बाराही महिने चालू असतं, नवीन फ्लॅट, लग्नानंतरची पूजा, मुलाची नोकरी, गाळ्याचं ओपनिंग, काहीही निमित्त चालतं आणि चालायलाच पाहिजे, या व्रताला मुहूर्ताची फार कटकट नाही म्हणून तर ते एवढं घराघरात गेलं. पण हल्ली व्हॉट्सॲपवर जी निमंत्रणं येतात ना, वर कलशाचं चित्र, बाजूनी झेंडूच्या माळा, खाली गूगल मॅपची लिंक, ती एकदा नीट वाचा. ‘तीर्थप्रसाद सायंकाळी साडेसात ते दहा’. पूजा किती वाजता? ते कुठेच नाही. फोन करून विचारलं तर समोरच्यालाच नवल वाटतं, ‘अहो पूजा काय चारलाच आहे, पण तुम्ही कशाला एवढ्या लवकर येताय, आरामात या जेवायलाच.’

यावर कोणीतरी लिहायला पाहिजे असं बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून हे पत्र. जरा लांबेल, काटछाट करायची तर करा, फक्त कथेचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी कोण म्हणून बोलते, तर मी आमच्या सोसायटीतली आणि आता आजूबाजूच्याही दोन-चार सोसायट्यांतली शिरा करणारी बाई. म्हणजे धंदा नाही हं, हौस. कोणाकडे पूजा ठरली की आधी गुरुजींना फोन जातो आणि मग मला, ‘काकू, प्रसाद तुम्हीच करायचा.’ त्यामुळे इतर पाहुणे साडेसातला येतात आणि मी साडेतीनलाच त्या घरात असते, पदर खोचून, आणि मला सगळं दिसतं. स्वयंपाकघराच्या दारातून हॉल सरळ दिसतो, फ्लॅटचा हा एक फायदा आहे.

आणि दिसतं काय तर, सोफा बाल्कनीत ढकललेला, मध्ये चौरंग, चौरंगाच्या चार पायांना सुतळीनी बांधलेले केळीचे खुंट, त्याला आंब्याचे डहाळे, कलश, कलशावर तांदूळ भरलेलं ताम्हण, त्यात बाळकृष्ण. समोर जोडपं, तिचा शालू नाहीतर पैठणी, त्याचं सोवळं घसरू नये म्हणून वरून बेल्ट. गुरुजी. आणि बाकी कोणी नाही!! पोरं बेडरूममध्ये मोबाईलवर, दार लावून. सासूबाई केटररशी बोलतायत की पनीर किती माणसांचं आणि पार्किंगमध्ये टेबलं कोणत्या बाजूला. यजमानांचा फोन मांडीखाली थरथरतोय कारण पाहुण्यांना लोकेशन सापडत नाहीये. पूजेकडे खरं लक्ष असतं फक्त फोटोग्राफरचं. तो मात्र अगदी मन लावून बघत असतो आणि मध्येच म्हणतो, ‘सर, ते फूल परत एकदा वाहा ना, मॅडम इकडे बघा.’ परत वाहतात हो! देवाला तेच फूल दोनदा.

मला कोणाची टिंगल करायची नाहीये. एवढा खर्च करतात, भाव असतो, नसता तर केलंच नसतं. पण पूजा ही काय दोघांनी उरकायची आणि मग बाकीच्यांनी जेवायची गोष्ट आहे का? मला तर उलटं वाटतं. आणि हे माझ्या मनाचं नाही, कथेतच आहे ते, आणि कथा हल्ली कोणी ऐकतच नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आता बघा. कथेचे पाच अध्याय. नैमिषारण्यात शौनकादिक ऋषी सूताला विचारतात तिथपासून सुरुवात, मग नारद विष्णूकडे जातो, ते सगळ्यांना माहिती असतं कारण तेवढं होईपर्यंत लोक ऐकत असतात. त्या पहिल्याच अध्यायात विष्णू विधी सांगतो, की संध्याकाळच्या वेळी करावं, ब्राह्मण आणि भाऊबंद जमवून करावं, लोकांबरोबर बसून कथा ऐकावी, मग सगळ्यांना जेवू घालावं, प्रसाद खावा आणि गाणं-नाचणं करावं. म्हणजे ‘लोकांबरोबर कथा’ हे विधीतच बसलंय, जेवण त्याच्या नंतर. आम्ही काय केलं तर कथेच्या वेळचे लोक काढून टाकले आणि जेवणाच्या वेळचे ठेवले.

दुसरा अध्याय. काशीतला गरीब ब्राह्मण पूजा करतोय. एक मोळीविक्या तहानेनी कासावीस होऊन येतो, मोळी बाहेर ठेवतो आणि सरळ त्याच्या घरात शिरतो. पाणी मागायला आला होता, पण समोर पूजा दिसली तर नमस्कार करून विचारतो की महाराज हे काय करताय, यानी काय होतं. ब्राह्मण त्याला हाकलत नाही, सांगतो. मोळीविक्या प्रसाद घेतो, पाणी पितो, दुसऱ्या दिवशी मोळी विकून दुप्पट पैसे येतात आणि त्यातून केळी, साखर, तूप, दूध, गव्हाचं पीठ घेऊन घरी जातो आणि स्वतःच्या भाऊबंदांना बोलावून तेच व्रत करतो.

तिसऱ्यात उल्कामुख राजा नदीकाठी बायकोबरोबर पूजेला बसलाय. साधू वाणी मालानी भरलेली नाव घेऊन चाललेला, नाव काठाला लावतो, उतरतो आणि राजाला विचारतो, हे काय चाललंय. पुढे याच वाण्याची मुलगी कलावती, बाप आणि नवरा दोघं परमुलखात तुरुंगात, घर चोरांनी धुतलेलं, पोटात अन्न नाही, अशी एका ब्राह्मणाच्या घरी जाते, तिथे पूजा चाललेली असते, ही बसते, सगळी कथा ऐकते, प्रसाद खाते आणि रात्री उशिरा घरी येते. आई लीलावती विचारते, एवढ्या रात्री होतीस कुठे? तर म्हणते अमक्यांकडे पूजा बघितली. आणि मग आई ते व्रत करते.

पाचव्यात तर कमालच आहे. तुंगध्वज राजा शिकारीहून येतो, वडाखाली गवळी आपल्या माणसांबरोबर मजेत पूजा करतायत, हा बघतो आणि ताठ्यात जवळ जात नाही, नमस्कारसुद्धा करत नाही. गवळी बिचारे स्वतः उठून त्याच्यापुढे प्रसाद ठेवून येतात. तो तसाच टाकून निघून जातो. पुढे त्याची मुलं, धनधान्य सगळं जातं, आणि शेवटी ताळ्यावर येतो तो परत त्याच गवळ्यांमध्ये जाऊन, त्यांच्याबरोबर बसूनच पूजा करतो.

म्हणजे अख्खी कथा काय आहे तर दुसऱ्याच्या घरी चाललेली पूजा बघणाऱ्या माणसांची कथा आहे. एकानी केली, दुसऱ्यानी दारातून बघितली, विचारलं, त्याला सांगितलं, त्यानी केली. हे व्रत पसरलं ते असं, बघून बघून. यात आमंत्रण देऊन साडेसातला बोलावलेला एकही माणूस नाही. मोळीविक्याला कोणी व्हॉट्सॲप केला नव्हता.

शिक्षेचा जो भाग आहे, कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावत गेली म्हणून त्याच्यासकट नाव बुडाली वगैरे, त्याची भीती घालून लहान मुलांना शिरा खायला लावतात ते मला मुळीच पसंत नाही. देव असा रुसून बसणारा नसावा असं आपलं मला वाटतं. पण भीतीचं बाजूला ठेवलं तरी बघण्या-विचारण्याचं जे आहे ते फार गोड आहे आणि नेमकं तेच आपण घालवतोय.

आता शिऱ्याबद्दल थोडं, कारण त्यात मला कळतं. ‘सव्वा’ हे प्रमाण कथेतलंच आहे. सव्वा किलो, सव्वा पाव, सव्वा वाटी, तुमच्या ऐपतीनी काय ते घ्या, पण रवा सव्वा तर तूप सव्वा, साखर सव्वा, दूधही त्याच हिशोबात, आणि केळी. पोथीत गव्हाचं पीठ म्हटलंय, ते नसेल तर तांदळाचं चालेल, साखर नसेल तर गूळ चालेल असंही आहे, म्हणजे बघा गरिबाची सोय आधीच करून ठेवलीये. आपल्याकडे रवा आला. तूप पातेल्यात पातळ झालं की मी केळ्याच्या चकत्या आधी तुपात सोडते, त्या कडेनी लालसर व्हायला लागल्या की रवा, आणि मग हात थांबवायचा नाही, मंद गॅसवर, रवा गुलाबी व्हायला आणि घरभर वास सुटायला वेळ लागतोच, तिथे घाई केली की शिरा पांढरा आणि चिकट. दुसऱ्या शेगडीवर दूध उकळत पाहिजे, गार दूध घातलं की गाठी. दूध आटलं की साखर, झाकण, वेलची, बेदाणे. तूप कडेनी सुटलं पाहिजे. हल्ली एक फॅड निघालंय, ‘काकू तूप जरा कमी घाला ना, सगळे डाएटवर आहेत’. कमी तुपाचा रोज नाश्त्याला करून खा की बाई, मी कुठे नाही म्हणते, पण सत्यनारायणाच्या प्रसादाची द्रोणात एवढीशी मूद असते, त्यात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढत नाही.

आणि हे सगळं करताना मला कान हॉलमध्ये ठेवता येतो म्हणून सांगते, पूजेत सुरुवातीला जो संकल्प असतो ना तो तरी निदान सगळ्यांनी ऐकावा. गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालून भराभर म्हणतात, आपल्याला वाटतं मंत्र चाललाय. तो पत्ता असतो! कोणतं कल्प, कोणतं मन्वंतर, कलियुगाचा कितवा चरण, मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, मग गोदावरीचा कोणता काठ, मग शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, नक्षत्र, आणि या सगळ्याच्या शेवटी तुमचं गोत्र आणि तुमचं नाव. एवढ्या मोठ्या विश्वात मी अमुक, इथे बसून हे करतोय, असं. आणि नाशिककरांसाठी त्यात खास गंमत आहे. आपल्याकडे पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबादकडचं घर असेल तर गोदावरीचा उत्तर तीर म्हणतात आणि इकडे इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडला दक्षिण तीर. एकच गुरुजी दुपारी पंचवटीत एक म्हणतात आणि संध्याकाळी पूल ओलांडून आले की दुसरं. आपण गोदावरीला उठताबसता गंगा म्हणणारी माणसं, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारी, पण आपलं घर गंगेच्या कोणत्या काठाला हे आपल्या पोरांना विचारा बरं. माहिती नसतं. त्यांना पाथर्डी फाट्याचा सिग्नल माहिती असतो.

मागे एका पूजेत शेजारचा एक मुलगा आला होता, असेल तिसरी-चौथीत, आईनी काहीतरी डबा द्यायला पाठवलेला. तो तिथेच बसला. गुरुजींनी पानावर सुपारी ठेवून गणपतीचं आवाहन केलं तर हा म्हणाला, ‘ही तर सुपारी आहे.’ मला वाटलं गुरुजी आता रागावणार. ते हसले आणि म्हणाले, ‘बरोबर, आत्तापर्यंत सुपारीच होती. आता तिला आपण गणपती म्हणून बोलावलं, बसायला दिलं, पाय धुवायला पाणी दिलं. तुमच्याकडे पाहुणे आले की काय करतोस?’ तो म्हणाला पाणी देतो. ‘मग तेच चाललंय इथे.’ आणि पुढचे सोळाच्या सोळा उपचार त्या पोरानी जागेवरून न हलता बघितले. आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, मग आंघोळ, दुधानी, दह्यानी, तुपानी, मधानी, साखरेनी, प्रत्येकाच्या नंतर परत साधं पाणी, ‘चिकट होईल ना’ हे त्यानीच सांगितलं. मग वस्त्र म्हणून कापसाचं, जानवं, गंध, फूल, तुळस, धूप, दीप, नैवेद्य. शंख आणि घंटेचीपण आधी पूजा का करतात हे त्यानी विचारलं, नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या त्यानी मोजल्या. गुरुजींचा आवाजच बदलला हो. इतका वेळ एकसुरी चाललं होतं, ऐकणारा मिळाल्यावर माणूस खुलतो. यजमानसुद्धा मोबाईल सोडून ऐकायला लागले, कारण त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं की आपण पळीनी जे पाणी सोडतोय ते कशासाठी.

यावर लोक म्हणतात की गुरुजींनाच घाई असते. असते, नाही कशी. श्रावणात एका दिवसात त्यांना कितीतरी घरं करायची असतात, एका घरी चारची वेळ दिलेली, तिथे यजमान साडेचारपर्यंत फोटोसाठी तयारच होत असतात, मग ती अर्ध्या तासाची भरपाई कथेतून होते, तिसरा आणि चौथा अध्याय एकत्र संपतो. गुरुजींना बोलताना आपण आपल्याकडेही बघावं. ज्या घरात ऐकणारं कोणी नाही तिथे त्यांनी समजावून सांगायचं ते कोणाला, फोटोग्राफरला? पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित, त्यात बायकापण आहेत, मंत्राबरोबर मराठीतून अर्थ सांगत पूजा करतात, आमच्या नात्यात एकदा तशी झाली तर आलेली कॉलेजची मुलंसुद्धा शेवटपर्यंत बसली. आपल्या नाशिकला आणि त्र्यंबकला तर वैदिक मंडळींची काही कमी नाही, एवढी परंपरा दुसऱ्या गावाला मिळणार नाही, त्यांनी मनावर घेतलं तर काय अवघड आहे. प्रत्येक उपचाराला एक वाक्य मराठीत. दहा-पंधरा मिनिटं वाढतील फारतर. आणि त्या पंधरा मिनिटांची दक्षिणा यजमानांनी मोकळ्या हातानी द्यावी, केटररला ताटामागे किती देतो ते आठवून.

आता जे लिहायचंय ते जरा काही लोकांना टोचेल. पूजेला लोक नसतात म्हणते मी, पण त्या घरात लोक असतातच, त्यांना समोर बसू देत नाहीत. ज्या पूजेचं वर सांगितलं तिथेच यजमानांची आई, नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, पहाटेपासून राबत होत्या. तुळशी निवडल्या त्यांनी, हजार नामांना हजार पानं लागतात, एकेक पान बघून, किडकं बाजूला. वाती त्यांनी वळल्या. तांबट लेनमधून लग्नात घेतलेलं पितळेचं ताम्हण चिंच लावून त्यांनीच लखलखीत केलं. आणि पूजा सुरू झाली तर त्या माझ्याजवळ ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ‘वहिनी, जा की समोर.’ तर म्हणाल्या, ‘नको गं, चांगल्या कार्यात मी कशाला पुढे.’ घरात कोणी त्यांना अडवलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. शेवटी गुरुजींनीच हाक मारली, ‘आजी कुठेत? त्यांना इथे चौरंगाजवळ पाट द्या.’ एवढंच बोलले, त्यावर भाषण नाही काही नाही, आणि पुढचा मंत्र सुरू केला. सूनबाईनी उठून पाट मांडला. आजी बसल्या आणि कथेत कुठेही अडखळल्या नाहीत, गुरुजींच्या आधी पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनी विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनी बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितला, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. एका खेड्याला जे जमतं ते आपल्या सेकंड फ्लोअर टू बीएचकेमध्ये जमायला काय हरकत आहे? ठराव लागत नाही, पाट लागतो.

आणि कामवाल्या मावशी. गणेशवाडीच्या फूल बाजारातून सकाळी सकाळी फुलं आणि खुंट रिक्षात घालून आणणार त्या, भांडी घासणार त्या, आणि प्रसाद त्यांना रात्री स्टीलच्या डब्यात, मागच्या दारानी. मला कथेतले गवळी आठवतात. त्यांनी राजाला वाढलं होतं हो, आणि राजानी घेतलं नाही म्हणून सगळी कथा घडली. आपण नाशिकचे लोक, आपल्याला तर हे जास्त कळायला पाहिजे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं काळाराम मंदिराच्या दाराशी आली होती, मागणी एवढीच की आत येऊन दर्शन घेऊ द्या, आणि दारं लावून घेतली गेली, पुढे काही वर्षं सत्याग्रह चालला तरी उघडली नाहीत. शाळेच्या पुस्तकात आपण ते वाचतो, मान हलवतो. मग आपल्या स्वतःच्या हॉलचं दार कोणासाठी उघडं आहे, कोण सतरंजीवर बसतंय आणि कोण ओट्यामागे उभं आहे हे तपासून बघायला काय होतं. देव घरात आणलाय तर त्याला बघायला सगळ्यांना येऊ द्या.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन उत्तर प्रदेशातला. एकदा पूजा चालू असताना पाण्याच्या टँकरचं काहीतरी विचारायला वर आला आणि दारातच चपला काढून हात जोडून उभा राहिला. आरती होईपर्यंत हललाच नाही. मी शिऱ्याचा द्रोण दिला तर म्हणाला, ‘हमारे गाँव में पंजीरी बनती है, चरणामृत के साथ, कथा यही है.’ पंजिरी म्हणजे भाजलेली कणीक आणि साखर. बंगालमध्ये शिन्नी म्हणून कणीक, दूध, केळं, साखर न शिजवताच कालवतात आणि तिकडे सत्यनारायण आणि सत्यपीर, म्हणजे हिंदू-मुसलमान दोघंही मानतात तो पीर, अगदी शेजारी शेजारी नांदतात. आंध्रात अन्नवरमला तर सत्यनारायणाचं मोठं देवस्थान आहे, जोडपीच्या जोडपी एकत्र रांगेनी बसून तिथे व्रत करतात. म्हणजे आपला शिरा हा एवढ्या मोठ्या पंगतीतला एक पदार्थ आहे, हे मला त्या वॉचमनमुळे शोधावंसं वाटलं. तो साडेसातला आला असता तर त्याला पार्किंगमध्ये गाड्या लावून देण्यातून फुरसतच मिळाली नसती.

मला माहितीये लोक काय म्हणणार. हॉल बारा बाय पंधराचा, त्यात चौरंग आणि केळीचे खुंट, माणसं बसवायची कुठे? अहो पन्नास नका बोलावू. शेजारची दोन घरं बोलवा, बेडरूममधली पोरं बाहेर काढा, आजी-आजोबांना पुढे बसवा, मावशींना त्या दिवशी भांडी थोडी उशिरा घासू द्या. सात-आठ माणसं झाली, सतरंजीवर मावतात. ऑफिसमुळे चारला कोणी येऊ शकत नाही म्हणतात, तर मग पूजाच संध्याकाळी ठेवा ना, विधीतच संध्याकाळ सांगितलीये, चारचा हट्ट कोणाचा आहे? केटररचा. साडेसहाला पूजा, आठला कथा, नऊला आरती आणि मंत्रपुष्पांजली, तेव्हा प्रत्येकाच्या हातात फूल द्या आणि प्रत्येकाला स्वतः वाहू द्या, आणि मग जेवणं. थोडी उशिरा होतील. एक दिवस होऊ द्या. आणि जेवायचंही चाट काउंटर, लाइव्ह डोसा कशाला हवं, वरणभात, बटाट्याची भाजी, पुरी, कोशिंबीर आणि हा शिरा यावर कोण नाराज झालंय आजवर. फोटोग्राफरला पूर्ण बंदी नका घालू, पण त्याला एकदाच सांगा की बाबा, जे होईल ते काढ, देवाला आणि आम्हाला पोझ द्यायला लावू नकोस.

निर्माल्याचं तर वेगळंच पत्र होईल. चार खुंट, दोन टोपली फुलं, हजार तुळशी आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाता जाता पुलावरून गंगेत. ज्या गोदावरीचा काठ सांगून संकल्प सोडला तिच्यातच. २०२७ च्या सिंहस्थासाठी नदी स्वच्छ करा म्हणून महापालिकेला शिव्या घालणारेही आपणच. सोसायटीत खड्डा करा, खुंट चिरून घाला, कुंड्यांना उत्तम खत होतं, आमच्याकडे होतंय.

तर संपादक साहेब, तुमच्याकडे एक काम आहे. दरवर्षी श्रावणात तुमची पुरवणी येते, त्यात उपवासाच्या रेसिपी, मेंदीच्या डिझाइन, पैठणीच्या जाहिराती असं सगळं असतं. यावेळी त्यात एक पान सत्यनारायणाच्या पूजेचा क्रम सोप्या मराठीत छापा, संकल्पाच्या अर्थासकट, आणि उत्तर तीर-दक्षिण तीर दाखवणारा नाशिकचा छोटा नकाशा टाका, मुलांना फार आवडेल. कथेचे पाचही अध्याय थोडक्यात द्या, बघणाऱ्यांची नावं ठळक करून. एखाद्या जाणत्या गुरुजींकडून तपासून घ्या म्हणजे नंतर पत्रांचा पाऊस नको. शिऱ्याची कृती मी देईन, फुकट, पण तुपाचं माप तुमच्या उपसंपादकांनी बदलायचं नाही.

आणि निमंत्रण पाठवणाऱ्यांना निरोप, पूजेची वेळ वर लिहा, मोठ्या अक्षरात, जेवणाची खाली.

आपली नेहमीची वाचक,
इंदिरानगर, नाशिक (गोदावरीचा दक्षिण तीर)